पावसाळ्यात पापड वाळवायचे कसे? लिज्जतच्या बायकांनी हा प्रश्न खाट आणि स्टोव्हने सोडवला होता

स्वतःचा धंदा म्हटलं की आपण आधी भांडवलाचं बोलतो. मग आयडिया, मग मार्केटिंग. रोज एखादं रील समोर येतंच, 'लोकांचा प्रॉब्लेम सोडवा, पैसा आपोआप येईल.' ऐकायला भारी वाटतं. पण धंदा सुरू झाल्यावर जे प्रॉब्लेम आपल्याच अंगावर येतात, ते कसे सोडवायचे हे त्या रीलमध्ये कोणी सांगत नाही.

ते समजून घ्यायचं तर १९५९ सालच्या गिरगावात जावं लागेल.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायका जमल्या आणि त्यांनी पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. ते देणारे समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण १९५९ मध्ये हे सगळं खूप लांब होतं. तेव्हा विषय होता घरखर्चाला चार पैसे जोडायचा.

पापड करायचे कसे हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. माल खपतही होता. तीन महिन्यांत सात बायकांच्या पंचवीसेक झाल्या.

आणि मग मुंबईचा पाऊस सुरू झाला.

ज्यांच्या घरी वाळवणं होतात त्यांना वेगळं सांगायला नको. लाटलेल्या पापडात ओल राहिली की तो एकमेकांना चिकटतो, दोन-चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून आपल्याकडे पापड-कुरडया उन्हाळ्यातच उरकतात. घरच्यापुरतं ते चालतं. धंद्याला चालत नाही. लिज्जतला पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. जी बाई लाटलेल्या पापडावर पैसे मिळवते, तिच्यासाठी चार महिने बंद म्हणजे चार महिने कमाई शून्य. शिवाय गिऱ्हाईक काही तुमच्यासाठी थांबत नाही. त्या पहिल्या वर्षाची एकूण विक्री होती ६,१९६ रुपये.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं! पापड वाळायला लागले, काम सुरू राहिलं.

एवढं साधं होतं तर पहिल्याच वर्षी का नाही सुचलं, असं वाटू शकतं. माझ्या मते गोम प्रश्न कसा विचारला यात आहे. 'ऊन कुठून आणायचं?' असं विचारलं तर जुलै महिन्यात मुंबईत त्याला उत्तरच नाही. 'पापडातली ओल कशी घालवायची?' असं विचारलं की घरातल्याच वस्तू दिसायला लागतात. घरून मसाले, डबे किंवा केक विकणाऱ्यांनी हा फरक एकदा आपल्या अडचणीला लावून बघा.

अर्थात, त्यांचं प्रत्येक उत्तर बरोबर निघालं असं नाही. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. स्वस्त हवं असणारं गिऱ्हाईक सुटू नये म्हणून हा तोडगा. छगनबाप्पांनी तो मोडून काढला. एकच पापड करा, चांगला करा आणि हिशेब चोख ठेवा, हा त्यांचा सल्ला. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हे तर आधीच ठरलं होतं.

मोठी अडचण पुढेच होती. तिसऱ्या वर्षापर्यंत बायकांची संख्या तीनशेवर गेली. आता गच्चीच पुरेना. मोठी जागा भाड्याने घ्यायची तर खर्च आला. त्यावर उपाय निघाला तो आजही चालतो. पीठ एका ठिकाणी मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन लाटायचं, वाळलेले पापड परत आणून वजन करून द्यायचे आणि लाटण्याचे पैसे घ्यायचे. घर सांभाळणाऱ्या बाईला तर हे जास्तच सोयीचं पडलं.

पण या उपायातून नवा प्रश्न निघाला. तीनशे घरांत लाटलेला पापड एकाच चवीचा आणि तितकाच स्वच्छ कसा राहणार? चवीचं उत्तर मळलेल्या पिठातच होतं, कारण मसाल्याचं प्रमाण केंद्रावरच ठरतं. स्वच्छतेसाठी घरी जाऊन बघायची पद्धत आली. पापड लाटायला आणि वाळवायला जागा आहे का, घर स्वच्छ आहे का, हे बघूनच काम मिळतं. ज्यांच्या घरी तेवढी जागा नाही त्यांना परत पाठवत नाहीत. त्यांना पीठ मळायचं किंवा पॅकिंगचं काम देतात. मला ही व्यवस्था खाट-स्टोव्हपेक्षाही हुशारीची वाटते, कारण नियमही पाळला जातो आणि गरजू बाईचं कामही जात नाही.

काही गोष्टी जमल्याच नाहीत. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी काडेपेट्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असंही करून पाहिलं, तेही चाललं नाही. ते सोडून दिलं, पापड मात्र सोडला नाही. १९६२-६३ पर्यंत वर्षाची पापडविक्री १ लाख ८२ हजार रुपयांवर गेली होती.

आज लिज्जतमध्ये ४० हजारांहून जास्त महिला आहेत. मुंबईत सकाळी मिनीबस त्यांना केंद्रावर आणते. आदल्या दिवशीचे पापड तोलून द्यायचे, पैसे घ्यायचे आणि पिठाचा नवा गोळा घेऊन घरी निघायचं.