डिजिटल न्यायसहायक विज्ञान व सायबर सुरक्षा : पदव्युत्तर प्रवेश आणि अर्थसाहाय्य

संगणक, मोबाइल, सर्व्हर यांतील माहिती न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल अशा रीतीने मिळवण्याचे आणि तपासण्याचे शास्त्र म्हणजे डिजिटल न्यायसहायक विज्ञान. हा विषय आणि त्याला लागून असलेली सायबर सुरक्षा यांचे पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातील प्रमुख संस्था म्हणजे गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी (एनएफएसयू). गुजरात सरकारचे न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीची लोकनायक जयप्रकाश नारायण संस्था एकत्र करून संसदेने २०२०च्या कायद्याने ती उभी केली. राष्ट्रीय महत्त्वाची संस्था असा तिचा दर्जा असून ती केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते. गोव्यात तिचा परिसर आहे. नागपूरच्या कायमस्वरूपी परिसराची पायाभरणी मे २०२५मध्ये झाली.

या शिक्षणाची निकड समजण्यासाठी प्रयोगशाळेतले एक साधे काम पाहावे. जप्त केलेली हार्ड डिस्क कधी थेट उघडत नाहीत. तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाऊ नये म्हणून राइट ब्लॉकर लावतात, तिची तंतोतंत प्रत काढतात आणि मूळ व प्रत या दोहोंची हॅश किंमत, म्हणजे आतल्या माहितीवरून गणिताने काढलेली खूण, ताडून पाहतात. आतले एक अक्षर बदलले तरी ही किंमत बदलते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात हॅश नोंदवावी लागते आणि त्याच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६ सांगते. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कायदा पुढे गेला, पण इतके तज्ज्ञ तयार व्हायचे आहेत.

एमएस्सीचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असतात. ‘डिजिटल फॉरेन्सिक अँड इन्फर्मेशन सिक्युरिटी’ व ‘सायबर सिक्युरिटी’ हे त्यांतले मुख्य. संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान किंवा जवळच्या विषयाची पदवी आणि एनएफएटी ही प्रवेशपरीक्षा असा रस्ता आहे. एम.टेक.साठी गेट या परीक्षेचे गुण कामी येतात.

मराठी विद्यार्थी अडतात ते बहुधा दाखल्यांपाशी. संस्था केंद्राची असल्याने आरक्षणही केंद्राच्या यादीप्रमाणे चालते : अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती ७.५, इतर मागासवर्ग (ओबीसी) २७ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस) १०. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे वेगळे कप्पे तिथे नाहीत. यांतील अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत सापडतात. मराठा समाजाला राज्यात मिळणारा एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा) दाखला केंद्रात चालत नाही. उत्पन्न व मालमत्तेच्या निकषांत बसणाऱ्या मराठा विद्यार्थ्याला ईडब्ल्यूएसमधून अर्ज करता येतो. केंद्रीय नमुन्यातला दाखला तहसीलमधून वेळेत काढणे हे परीक्षेच्या तयारीइतकेच महत्त्वाचे. मार्क असूनही केवळ कागदापायी जागा जाणे फार जिव्हारी लागते.

पैशाची बाजू मात्र लंगडी आहे. पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्या गेट-पात्र विद्यार्थ्यांसाठी दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची योजना आहे. हे विद्यावेतन आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पीएच.डी.ला गेलेल्या आणि नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवलेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि नेटमध्ये न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. एमएस्सीच्या विद्यार्थ्याला मात्र असे सरसकट विद्यावेतन नाही. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ राज्यामार्फत मिळते. अनेकांपुढे मुख्यतः कर्जच उरते. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची ‘सायबरकॉर्प्स’ शिष्यवृत्ती शिकवणी शुल्क भरते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला ३७,००० डॉलरपर्यंत निर्वाहवेतन देते. त्याबदल्यात, जितका काळ शिष्यवृत्ती घेतली तितका काळ सरकारी यंत्रणेत सायबर सुरक्षेचे काम करायचे; न केल्यास ती रक्कम कर्ज म्हणून फेडायची. ती तिथल्या नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळते. पुण्या-मुंबईहून विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

कर्ज डोक्यावर घेऊन शिकलेला तरुण हप्ते फेडण्यासाठी खासगी कंपनीची वाट धरतो, यात त्याचा दोष नाही. एनएफएसयू गृहमंत्रालयाकडेच आहे आणि पुराव्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा बहुतांशी सरकारीच आहेत. तेव्हा इथल्या एमएस्सीला सेवेच्या अटीवर पूर्ण शिष्यवृत्ती देणे शक्य आहे आणि ती द्यायलाच हवी.