औषध नव्हे, विष : फवारणी मजुराच्या हक्काचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यातले कळसाडी असो की यवतमाळमधले एखादे खेडे, कपाशीवर मारायच्या विषाला आपण सगळेच 'औषध' म्हणतो. 'औषध मारायला चाललो' असे सांगून सालदार पाठीवर पंप चढवतो. विषाला औषध म्हटले, की ते हाताळणाऱ्याला जपण्याची जबाबदारीही कुणाला आठवत नाही.

कायद्याचा इतिहास पाहा. 1958 मध्ये केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. कीटकनाशक आणि धान्य एकाच जहाजातून आले होते. न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाने चौकशी केली आणि दहा वर्षांनी, 1968 मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. विष खाणाऱ्याच्या ताटात पोचले तेव्हा राज्याला जाग आली.

1971 च्या नियमांत फवारणाराही आला. संरक्षक कपडे, हातमोजे, बूट, गॉगल, उतारा, प्रशिक्षण, सगळे लिहिले आहे. पण कपड्यांचा नियम एवढेच म्हणतो, की काम करणारी माणसे पुरेशी संरक्षित असावीत. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराला ते कपडे कुणी द्यायचे, हे तो नियम नेमून सांगत नाही. पळवाट तिथेच आहे.

पुढे 2005 मध्ये मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी आली. कपाशीवर मात्र परवानगी राहिली. भाजी खाणाऱ्याची काळजी घेतली गेली, कपाशीतला मजूर तसाच राहिला. ते पूर्ण बंद करण्याचा आदेश निघायला 2023 उजाडले.

मधल्या काळात, 2017 च्या हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हा पहिला प्रश्न मजुरालाच विचारला गेला : मास्क का लावला नाही? मास्क दिला होता का, हे किती जणांनी विचारले?

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मालकाची जबाबदारी मांडली : स्त्रीच्या श्रमाचा नफा जो घेतो, त्याने तिच्या प्रसूतीचा भारही उचलला पाहिजे. हाच न्याय फवारणीला लावा. पीक ज्याचे, त्याने मजुराला कपडे द्यावेत. विष विकून कमावणाऱ्या कंपनीने त्या खर्चात वाटा उचलावा. लहान शेतकऱ्याला परवडत नसेल, तर उरलेला भार शासनाने घ्यावा.

म्हणून या हंगामात तीन गोष्टी करा. फवारणीआधी किट मागा. ते दयेचे दान नव्हे, हक्क आहे. डब्यावर लाल त्रिकोण असेल, तर ते अत्यंत जहाल विष आहे, हे वाचता न येणाऱ्या भावाला सांगा. आणि कुणाला बाधा झालीच, तर रुग्णासोबत डबाही दवाखान्यात न्या. नेमके विष कळले, की डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

शिकणे म्हणजे हेही शिकणे. जय भीम!