गिरणगावात पोचलेली बातमी

6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर. वाचणारे अर्थातच मोजके, शिकलेले. शेतकऱ्या-मजुरांसाठी ते पत्र नव्हतंच.

त्यांच्यासाठी पत्र निघायला 1877 उजाडावं लागलं. सत्यशोधक विचारांचे कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं. पैशाअभावी ते चालेना, तेव्हा 1880मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणून पुन्हा उभं केलं. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. कामगारांचे हाल त्यांना कुणी सांगायला नको होते.

बहुतेक कामगारांना अक्षरओळख नव्हती, पण त्यावाचून अडत नव्हतं. एकाने वाचायचं, दहाजणांनी ऐकायचं, ही पोथीची रीत आपल्याकडे जुनीच. पत्रंही तशीच वाचली जात.

आणि बातमी कळण्याने काय होतं, ते 1884मध्ये दिसलं. 1881च्या फॅक्टरी कायद्यात प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल काहीच नव्हतं. त्या कायद्याचा फेरविचार करायला मुंबई सरकारने आयोग नेमला. ही खबर सरकारी कागदांतच राहिली असती, तर गिरणीमालकांचं म्हणणं तेवढं नोंदलं गेलं असतं. पण सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरली आणि सुमारे 5,500 जणांचा अर्ज तयार झाला. मागण्या किती साध्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. या मागण्यांतूनच त्या माणसांचा रोजचा दिवस कळतो.

“आपल्याला काय करायचंय बातम्यांशी?” असं आज मोबाइलवरच्या गदारोळाला विटून अनेकजण म्हणतात. विटणं रास्तच आहे, दिवसभरातली प्रत्येक बातमी कळायलाच हवी असं मुळीच नाही. पण आपली मजुरी, आपलं पाणी, आपल्यासाठी होणारा कायदा यांच्या बातमीकडे पाठ फिरवली, तर निर्णय थांबत नाहीत. ते आपल्याला न विचारता होतात.

गिरणी कामगारांनी पाठ फिरवली नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे 10,000 कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.