व्यवसायोपचार : आजारी रजेवरून पुन्हा कामावर

हाड जुळले, जखम भरली, म्हणजे कामगार कामास योग्य झाला असे नाही. यंत्रात सापडलेल्या हाताला पाना पेलता आला पाहिजे, पाठीला आठ तासांची पाळी सोसली पाहिजे. हे अंतर भरून काढणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. भारतातील त्याचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये गिरणगावातच, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले.

उपचारतज्ज्ञ प्रथम रुग्णाच्या कामाचे उचलणे, वाकणे, पकडणे असे टप्पे पाडतात. मग वजन व वेळ हळूहळू वाढवीत त्याच हालचालींचा सराव करून घेतात. बोटांसाठी स्प्लिंट, जाड मुठीची अवजारे, आरंभी हलके काम असे उपायही ते सुचवितात.

राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. कामावरील अपघाताने तात्पुरते अपंगत्व आल्यास ९० टक्के. रजा लांबली की घरखर्चाची ओढाताण होते आणि कामगार पुरता बरा होण्याआधीच यंत्रावर परततो. म्हणूनच हा उपचार रजा संपत आल्यावर नव्हे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने शक्य तितक्या लवकर सुरू होणे हिताचे.