डिझेल गोठतं त्याची गोष्ट

नोव्हेंबर २०१९ मध्ये एक छोटीशी बातमी आली होती. इंडियन ऑईलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेलं, उणे ३३ अंशांनाही वाहतं राहणारं. तुमच्यापैकी फार थोड्यांना ती आठवत असेल, कारण त्या महिन्यात महाराष्ट्रात सरकार कुणाचं येणार याचाच गोंधळ चालू होता. मला मात्र ती वाचून एकच प्रश्न पडला. हे डिझेल २०१९ साली आलं, तर मग तोपर्यंत काय करत होते?

कारण श्रीनगर-लेह रस्त्यावर ट्रक धावायला लागले ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून. म्हणजे जवळजवळ साठ हिवाळे साध्या डिझेलवर निघाले!

आधी डिझेल गोठतं म्हणजे काय होतं ते बघू. डिसेंबरात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर काहीच बाहेर येत नाही, मग आई ती उन्हात नेऊन ठेवते. अगदी तसंच. डिझेलमध्ये मेण असतं. एरवी ते विरघळलेलं असतं, पण थंडी वाढली की त्याचे बारीक कण तयार होतात. डिझेल आधी धुरकट दिसतं, मग ते कण फिल्टरमध्ये अडकतात आणि इंजिनाची उपासमार सुरू होते. टाकी भरलेली आणि गाडी उपाशी! आणखी थंडी पडली की सगळंच थिजतं. आपल्या मानकांप्रमाणे साधं डिझेल हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं तरी पुरे होतं. मुंबई-पुण्याला ते चालतं. द्रासला हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली सहज जातो.

पण ही झाली निम्मी अडचण. उरलेली निम्मी खुद्द इंजिनात आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात ठिणगी पाडणारा प्लगच नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि त्यात डिझेलचा फवारा मारायचा. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं तापतं ना, तेच तत्त्व. आता लोखंडच बर्फासारखं गार असेल, तर दाबलेल्या हवेची उष्णता ते पिऊन टाकतं. ऑईल काकवीसारखं घट्ट झालेलं, बॅटरीचा जोर निम्म्यावर आलेला, आणि उंचीमुळे हवा मुळातच विरळ. सगळे एकदमच रुसून बसतात.

गंमत अशी की त्याच आउग्सबुर्गच्या मान कंपनीने १९२४ साली डिझेलवर चालणारा ट्रक आणला, आणि त्याच कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून आपल्या जबलपूरला सैन्यासाठी ट्रक बनू लागले. तोच शक्तिमान! १९९६ पर्यंत तो तयार होत होता. चौकोनी नाकाचा, दणकट, गुरगुरणारा. डोंगरात रसद वाहिली ती मुख्यतः याने आणि टाटांच्या ट्रकांनी.

घरच्या मंडळींना ठाऊकच आहे की आमचे थोरले मामा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. साताऱ्याकडची मुलं फौजेत जातात यात नवल नाही, पण मामांनी बंदुकीपेक्षा स्टिअरिंगच जास्त धरलं. १९७०च्या दशकातले दोन हिवाळे त्यांनी कारगिलच्या बाजूला काढले. माझ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हे, त्यांच्याकडे मिळालं.

मामा म्हणतात, हिवाळ्यात गाडीची तयारी सकाळी नाही, संध्याकाळी करायची असते. गाडी आली की आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची. रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होतं, आणि ते पाणी नळीत गोठतं. रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ असेल तर ठीक, नसेल तर इंजिन गरम असतानाच पाणी सोडून द्यायचं. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो, मग त्याला इलाज नाही. हवेच्या ब्रेकची गाडी असली तर हवेच्या टाकीतलंही पाणी काढायचं. हँडब्रेक लावून ठेवायचा नाही, सकाळी तो चिकटून बसलेला असतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचे. चाकं चिखलात किंवा ओल्या बर्फात उभी करायची नाहीत, ती तिथेच रुजतात (हा त्यांचाच शब्द). बॅटरी काढून आत न्यायची आणि बुखारीपासून हातभर लांब ठेवायची. इंजिनावर जुनी घोंगडी टाकायची.

आणि मग रात्र. पाळी लावून दर दोन तासांनी एकाने उठायचं, इंजिन सुरू करायचं, जरा तापू द्यायचं, बंद करून पुन्हा आत यायचं. "तोफा बघायला लोक येतात रे," मामा म्हणाले, "पण रात्री दोन वाजता उणे पंचवीसमध्ये चावी फिरवणारा कुणी पाहिला नाही."

खाजगी ट्रकवाल्यांचे हाल वेगळेच. त्यांना पाळीला माणूस कुठून मिळणार? एक ड्रायव्हर, एक क्लीनर. ते डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. रॉकेलमध्ये मेण कमी, त्यामुळे मिश्रण लवकर थिजत नाही. पण डिझेल हे पंपाचं वंगणही असतं, आणि रॉकेलला तेवढा ओशटपणा नाही. पंप लवकर झिजतो. तेही नाही जमलं तर टाकीखाली आणि इंजिनाखाली चक्क जाळ करायचा. इंधनाच्या टाकीखाली विस्तव! वाचूनच अंगावर काटा येतो, पण त्यांची ती रोजची सकाळ होती.

यात एवढं महत्त्वाचं काय, असं कुणी म्हणेल. लडाखचा हिवाळा उन्हाळ्यातच जिंकावा लागतो असं म्हणता येईल. साडेअकरा हजार फुटांवरचा झोजी ला बर्फाने बंद व्हायचा तो काही महिने. त्याआधी धान्य, रॉकेल, औषधं, दारूगोळा, सगळं वर पोचलंच पाहिजे. शेवटच्या फेऱ्या थंडीच्या तोंडावरच व्हायच्या. अरुंद घाटात एक ट्रक बंद पडला की मागची सगळी रांग उभी. आणि खिंड बंद झाल्यावरही आतल्या आत, लेहहून चौकीपर्यंत, गाड्या चालवाव्याच लागत. १९६२ नंतर आपण तिथे कायमचं सैन्य ठेवायचं ठरवलं, हा निर्णय दिल्लीत झाला. तो टिकला तो मात्र रोज सकाळी सुरू झालेल्या इंजिनांवर.

आता बरंच बदललंय. २०२० मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा. हिवाळी डिझेलची बातमी मी मामांना वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं होतं, ते आमच्या काळी हे नव्हतं म्हणून हळहळतील. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. पोरं झोपतील तरी."

लढायांचा इतिहास आपल्याकडे तारखांसकट पाठ असतो. पण उणे पंचवीसमध्ये ट्रक कसा जिवंत ठेवायचा हे ज्ञान कुठल्या बखरीत नाही. ते फक्त हातांत होतं. ज्या कामाची गरज संपते, ते काम कसं करायचे हे सांगणारेही हळूहळू संपतात. गरज संपली हे चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी फौजेत, सीमा सडक संघटनेत किंवा साध्या ट्रक लाइनीत असेल, तर एखाद्या संध्याकाळी वही घेऊन बसा. लढाई विचारू नका. गाडी कशी सुरू करायचात, ते विचारा.