निपाणीकर देसायांचं नाव

पेशवाईच्या अखेरच्या काळात निपाणीवर अंमल होता तो सिधोजीराव नाईक-निंबाळकरांचा. लोक त्यांना अप्पा देसाई निपाणीकर म्हणत. 1803च्या इंग्रज-मराठे युद्धात ते इंग्रजांच्या जनरल वेलस्लीच्या बाजूने होते, आणि वेलस्लीच्या पत्रांतही ते ‘अप्पा देसाई’ म्हणूनच येतात. या एका नावाचे पदर सोडवले, की सीमाभागातली आडनावं कशी घडली ते दिसू लागतं. निंबाळकर हे फलटणजवळच्या निंबळक गावावरून आलेलं. फलटणचं घराणं स्वतःला मूळचं पवार मानतं. देसाई हे परगण्याचं वतन, निपाणीकर हे राहतं ठाणं, नाईक हा मान. कूळ, गाव, वतन, ठाणं असे थर एका माणसावर चढले आणि लोकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

प्राचीन रोममध्येही मोठ्यांची नावं अशीच वाढत. इ. स. पूर्व 202 मध्ये कार्थेजच्या हानिबालला हरवणारा पुब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ आफ्रिकानुस घ्या. पुब्लियस त्याचं स्वतःचं नाव, कॉर्नेलियस कुळाचं, स्किपिओ शाखेचं, आफ्रिकानुस विजयाचं. पण रोमन नावात कूळ ठळक राही. त्याच्या दोन्ही मुली कॉर्नेलियाच, आणि लग्नानंतरही कॉर्नेलियाच. आपल्याकडे कूळ आडनावातून निसटलं आणि देवकात, म्हणजे कुळाच्या पूज्य चिन्हात, जाऊन राहिलं. म्हणून तर मराठा घरांत सोयरीक जुळवताना आडनावं वेगळी असली तरी देवक विचारतात, आणि ते एकच निघालं तर बोलणी तिथेच थांबतात.

बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागात वतनाच्या आडनावांचं दाट पीक आहे: पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे, नाडगौडा. गावच्या प्रमुखाला मराठीत पाटील म्हणत, कन्नडात गौडा. पण पाटील हे आडनाव दोन्ही भाषांच्या घरांनी लावलं. मराठा पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, जैन पाटीलही आहेत. त्यामुळे आडनावावरून माणसाची भाषा ठरवणं या भागात सपशेल चुकीचं आहे, मग तो हिशेब कोणत्याही बाजूने केलेला असो.

वतनं गेली तीही दोन राज्यांच्या कायद्यांनी. बेळगाव मुंबई राज्यात असताना 1950च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. 1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि पाटीलकी संपली ती म्हैसूरच्या 1961च्या कायद्याने. हक्क गेले, आडनावं टिकली.

सिधोजीराव 1839 मध्ये वारले आणि निपाणीची जहागीर खालसा झाली. अशा घराण्यांचे कागद निदान दप्तरांत सापडतात. साध्या घरांचं कूळ आणि देवक मात्र बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरलं आहे. तुमच्या घरी मोडीतली एखादी सनद असेल तर ती वाचून घ्या, आणि आजी-आजोबांना देवक विचारून आजच वहीत लिहून ठेवा.