अ.पा.क. आई



जुन्या फेरफाराच्या नकलेत एखाद्या नावाखाली 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? अज्ञान पालनकर्ती आई. म्हणजे जमीन मुलाची, मूल अजून अज्ञान, आणि त्याच्या वतीनं बघणारी आई. माझ्या सासऱ्यांच्या नावाखाली 1934 च्या फेरफारात ही अक्षरं आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून तो कागद लोखंडी कपाटात बघत होते, पण ती कोणाची कहाणी आहे हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

सुचलं ते माझ्या पुतणसुनेमुळे. पुतण्याला जाऊन दीड वर्ष झालं. मुलं अकरा आणि सहा वर्षांची. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, हप्ते थकलेले, म्हणून तो विकून लहान घर घ्यायचं ठरलं. वकिलांनी सांगितलं, मुलांच्या हिश्श्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागेल. घरी आल्यावर ती रडायलाच लागली. "काकी, माझीच मुलं, त्यांना जेवू मी घालते, आणि त्यांच्या घरासाठी मी कोर्टाला विचारायचं? मी काय त्यांचे पैसे खाणार आहे?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात आठवलं, सासूबाई सांगायच्या, "मोठ्या आई दर वर्षी कोर्टात हिशोब द्यायला जायच्या, डोक्यावरचा पदर सांभाळत." मोठ्या आई म्हणजे माझ्या आजेसासूबाई. म्हटलं, बघू तरी काय होता हा हिशोब.

फाईल शोधायला तीन महिने लागले. ज्यांना आपल्या घरची शोधायची असेल त्यांच्यासाठी सांगते. कोर्टात जाऊन 'आमच्या आजीची केस' म्हटलं तर कोणी दाद देत नाही, ते बरोबरच आहे. वर्ष, अर्जाचा नंबर आणि दोन्हीकडची नावं लागतात. ती मला फेरफारातच मिळाली. वारसनोंद करताना तलाठ्यानं 'कोर्टाचा हुकूम पाहून' म्हणून नंबर लिहून ठेवला होता. तो घेऊन जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज केला, कोर्ट फीचं तिकीट लावलं, आपण कोण आणि कागद कशाला हवा ते लिहिलं. पालकत्वाचे अर्ज दाव्यांत नोंदलेले नसतात, किरकोळ अर्जांच्या रजिस्टरात असतात. मी आधी दाव्यांचं रजिस्टर बघत बसले, त्यात एक महिना गेला. कंप्युटरवर जुनं काही सापडत नाही, आणि बरेच कागद मुदतीनंतर नष्टही करतात. आमचं नशीब, अर्ज, हुकूम आणि हिशोबाचे काही ताव राहिले होते.

आमचं गाव इंग्रजी मुलुखात होतं म्हणून जिल्हा कोर्ट. सांगली, जमखंडी, कोल्हापूरकडच्या मैत्रिणींची गावं संस्थानात होती, त्यांना संस्थानी दप्तरात बघावं लागेल. कोल्हापूरला तर सरकारी पुराभिलेखागारच आहे. ज्यांच्या घरची पेढी मुंबईत होती त्यांनी मृत्युपत्राचा शोध मुंबई उच्च न्यायालयात घ्यावा. 1870 च्या मृत्युपत्राच्या कायद्यात हिंदूंच्या बरोबरीनं जैनांचं नाव घातलेलं आहे, आणि मुंबई शहरातल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला पुढे कित्येक वर्षं प्रोबेट घ्यावंच लागे. मृत्युपत्र नसेल तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला शोधायचा. हा दाखला आजही आपल्याकडची कोर्टं देतात. दोनशे वर्षांचा कायदा!

आता फाईल. आजेसासरे तापानं गेले तेव्हा सासरे आठ वर्षांचे, आजेसासूबाई सव्वीसच्या. भावांची वाटणी आधीच झालेली होती. एका चुलत दिरांनी कोर्टात अर्ज केला की मुलगा अज्ञान आहे, बाईमाणसाला दुकान आणि शेत झेपणार नाही, तरी मला पालक नेमावं. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा लागू होता. त्यात कोर्टानं नातेवाइकांना नोटिसा काढायच्या आणि मुलाचं हित कशात आहे ते बघायचं. आजेसासूबाईंनी उत्तर दिलं, ते बहुधा वकिलानंच लिहिलं असणार, पण एक वाक्य त्यांचंच वाटतं: दुकानाची उधारी कोणाकडे किती हे मला तोंडपाठ आहे, अर्जदारास विचारून पाहावे. विचारलं की नाही ते कागदात नाही. पालक म्हणून नेमणूक मात्र त्यांची झाली.

पण नेमणूक कशाची, तर मुलाच्या मिळकतीची. त्यांची स्वतःची मिळकत शून्य. नवरा गेल्यावर दुकान, शेत, राहतं घर सगळं आठ वर्षांच्या मुलाचं झालं, त्यांना फक्त अन्नवस्त्राचा हक्क. त्या काळच्या हिंदू कायद्यात मुलगा असला की विधवेला वारसा नव्हता. विधवेला मुलाइतका हिस्सा देणारा कायदा 1937 साली आला, म्हणजे आमच्या घरात तीन वर्षं उशिरा. तोही हयातीपुरता.

हिंदू कायदा आपल्याला का, असं माझ्या मुलीनं विचारलं. त्याचं उत्तर कोर्टाच्याच निकालांत आहे. 1873 साली मुंबई उच्च न्यायालयानं भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल या निकालात ठरवलं की जैनांना सर्वसाधारण हिंदू कायदाच लागू, वेगळी रूढी असेल तर जो म्हणेल त्यानं ती सिद्ध करावी. सिद्ध करायची म्हणजे साक्षीदार उभे करायचे. उत्तरेकडच्या सरावगी अगरवाल जैनांमध्ये एका बाईनं हे करून दाखवलं. त्यांचं नाव मुसम्मात दाखो. त्यांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1878 साली निकाल लागला. निपुत्रिक जैन विधवेचा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण हक्क, तिला दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगी नको, आणि मुलीचा मुलगाही दत्तक चालतो. आपल्या समाजातल्या लोकांच्या साक्षींवर ही रूढी सिद्ध झाली. दाखोंचं नाव मी साठीला आल्यावर ऐकलं, आणि पाठशाळेत इतक्या सतींच्या कथा शिकवल्या त्यात हिला जागा का नव्हती असं वाटून गेलं.

पण तो निपुत्रिक विधवेचा प्रश्न होता. मुलगा असलेल्या आजेसासूबाईंना त्याचा उपयोग नव्हता. मला खरा धक्का पुढे बसला. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी 1926 साली 'द जैन लॉ' हे पुस्तक काढलं. भद्रबाहु संहिता, अर्हन्नीति, वर्धमान नीति अशा ग्रंथांतले दायभागाचे नियम त्यात एकत्र केले आहेत. त्यात विधवा ही मुलाच्याही आधीची वारस आहे. घरधनी गेला की मालकीण बायको, मुलगा तिच्या आज्ञेत. म्हणजे आपल्या शास्त्रांनी ज्या बाईला मालकीण म्हटलं, तिनं कोर्टात पालक म्हणून उभं राहून पोटच्या पोराच्या वतीनं स्वतःच्याच घराचा हिशोब द्यायचा. आणि हे पुस्तक फाईलच्या आठ वर्षं आधी छापून झालेलं होतं! चंपतराय यांची तक्रार अशी की आपल्याच लोकांनी ग्रंथ वेळेवर कोर्टापुढे ठेवले नाहीत, शास्त्राचा अविनय होईल म्हणून. शास्त्र वेष्टनात बांधून ठेवण्याचा विनय आपल्याला फार चांगला जमतो. बाईच्या हक्काचं पान उघडायचं कोणी, हे विचारलं की सगळे गप्प.

या ग्रंथांच्या काळाबद्दल आणि कर्त्यांबद्दल विद्वानांत वाद आहेत हे मला माहीत आहे. तरी एवढं खरं की ते कोर्टात तपासले गेले असते तर वादाला निदान तोंड फुटलं असतं.

हिशोबाच्या तावांकडे येते. नेमणूक झाल्यावर पालकानं सगळ्या मिळकतीची यादी द्यायची असते. ती वाचताना मला परिग्रहपरिमाण व्रताची आठवण झाली. क्षेत्र, वास्तू, सोनं, धन, धान्य, भांडीकुंडी, आपण व्रत घेताना ज्या क्रमानं मर्यादा लिहितो जवळजवळ त्याच क्रमानं. पितळी घागरी दोन. बैल एक जोडी. चांदीची पूजेची उपकरणं, वजन तोळ्यांत. घरचैत्यालयातल्या मूर्तीपुढे मात्र किंमतीच्या रकान्यात लिहिलंय, 'किंमत लावली नाही.' कारकुनानं त्यावर काही शेरा मारलेला नाही.

शेरा दुसऱ्या ठिकाणी आहे. तिसऱ्या वर्षाच्या हिशोबात पर्युषणातल्या दानाचे 5 रुपये खर्ची टाकले होते. समासात लाल शाईनं लिहिलंय की अज्ञानाच्या रकमेतून धर्मादाय करता येणार नाही, पालकानं पदरचे भरावेत. पुढच्या वर्षी 5 रुपये जमेच्या बाजूला दिसतात. कुठून आणले असतील? सासूबाई सांगायच्या, मोठ्या आई दुपारी पापड लाटून द्यायच्या शेजारच्या दुकानाला. पुढच्या कोणत्याच हिशोबात दान नाही, आणि मंदिराच्या पावतीपुस्तकाची पानं घरात आहेत त्यात दर वर्षी त्यांच्या नावचे 5 रुपये आहेत.

एकदा त्यांनी दुकानामागचा गाळा विकायची परवानगी मागितली. सावकाराचं कर्ज होतं. कोर्टानं ती दिली, पण हुकुमात गरज काय ते लिहून, आणि उरलेली रक्कम मुलाच्या नावे ठेवायला लावून. त्याच सावकाराचे ते चुलत दीर भागीदार होते असं घरात बोललं जायचं. त्यांना पालक नेमलं असतं तर गाळा कितीला आणि कोणाला गेला असता, याचा विचार मी करते. हे मी पुतणसुनेला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती.

आणखी एक. कोर्टानं पालक नेमला असेल तर मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान धरत. 1999 पर्यंत हा नियम होता. त्यामुळे सासरे 1947 पर्यंत अज्ञानच राहिले, आणि आजेसासूबाईंचे हिशोब तेरा वर्षं चालले. शेवटच्या तावावर सासऱ्यांची सही आहे: सर्व मिळाले, तक्रार नाही.

पुढे 1956 चे कायदे आले, त्यात जैन नाव घालूनच आहेत. मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलं, मुली आणि मयताची आई सगळे सारख्या हिश्श्याचे वारस, आणि बाईची मिळकत पूर्ण मालकीची. आता लक्षात घ्या, मयताची आईसुद्धा. आमच्या पुतण्याच्या फ्लॅटला चार वारस निघाले: बायको, दोन मुलं आणि माझी मोठी जाऊ. सोसायटीत नॉमिनी कोण हे विचारून कोणी मालक ठरत नाही, नॉमिनी म्हणजे सोपवलेला माणूस. पुतणसून स्वतःच्या चौथ्या हिश्श्याची मालकीण आहे, तिथे तिला कोणाला विचारायचं नाही. मुलांच्या दोन हिश्श्यांसाठी परवानगी. ती न घेता विकलं तर मुलं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार रद्द करायला मागू शकतात, म्हणून घेणारेही घाबरतात आणि भाव पाडतात.

मोठी जाऊ आपला हिस्सा सोडायला तयार आहे. मी तिला म्हटलं, घाईनं हक्कसोड लिहून देऊ नकोस, आधी नीट विचार कर. यावरून घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

अर्ज मागच्या आठवड्यात दाखल झाला. सोबत मुलांचे जन्मदाखले, मृत्यूचा दाखला, फ्लॅटचं मूल्यांकन, कर्जाचं पत्र, नवीन घर मुलांच्याही नावावर घेण्याची हमी. तारीख पुढच्या महिन्यात आहे. पुतणसुनेनं एक वही केली आहे, मुलांच्या हिश्श्याच्या रकमेची. पहिल्या पानावर तिनं स्वतःच्या नावापुढे लिहिलंय, अ.पा.क. आई.